मधली धार

महेंद्र रणपिसेच्या टॅक्सीत बसलं की घाट उतरेपर्यंत प्रश्न तो विचारतो, उत्तरं आपण द्यायची. मी वाईचा. पाचगणीला एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि परतताना एसटी चुकली की महाबळेश्वरहून खाली येणाऱ्या त्याच्या गाडीला हात करतो. पहिल्याच खेपेला त्यानं मला विचारलं होतं की डोंगर लांबून निळे का दिसतात, आणि मी दिलेलं उत्तर त्याला पटलं नव्हतं. पसरणी घाट संपेपर्यंत त्यानं एकदा एका दंतवैद्याला अक्कलदाढेवरून पिडलं होतं, एकदा एका निवृत्त सुभेदाराला बर्फात डिझेल का गोठतं यावरून. त्याची शाळा दहावीनंतर सुटली, पण ही सवय काही सुटली नाही. पुढची हकीगत मला बरीचशी त्यानंच सांगितली, थोडी त्याच्या बायकोनं, प्रियंकानं.

प्रियंका माधवनगरची. तिचे वडील तिथल्या कापड गिरणीत होते. ती स्वतः बी.कॉम. होऊन महाबळेश्वरच्या एका हॉटेलात हिशेबाचं काम बघते. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. घरात महेंद्रची आई हरणाबाई. ती अजूनही हंगामात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर खुडणीला जाते. आणि लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली मुलगी, यशोधरा. तिला सगळे यशू म्हणतात.

यशू सात-आठ महिन्यांची असताना पावसाळ्यात तिला ताप येऊ लागला. महाबळेश्वरचा पाऊस लागला की हॉटेलं झाकली जातात, गिऱ्हाईक नसतं, टॅक्स्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात. त्यामुळे महेंद्र घरीच होता आणि पोरीच्या अंगाला हात लावून बघणं हाच त्याचा उद्योग झाला होता. ताप चांगला सणकून यायचा. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. ताप उतरला की पोर हसायची, दोन-चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा अंग तापायचं. गावातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, छाती तपासली, काही सापडलं नाही. पहिल्या वेळी तापाचं औषध दिलं. दुसऱ्या वेळी अँटिबायोटिकचं पातळ औषध दिलं, त्यानं ताप गेला आणि औषध संपल्यावर आठवडाभरात परत आला. यशू दूध कमी प्यायला लागली. प्यायलेलं उलटून टाकायला लागली.

हरणाबाईचं म्हणणं होतं की दात येतायत. मग एके सकाळी शेगडीवर लंगोट वाळवताना ती म्हणाली की पोरीच्या लघवीला वास येतोय. पावसाळ्यात त्या घरात कशाला वास येत नव्हता, भिंतींनासुद्धा येत होता, तरी महेंद्रनं ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लघवी तपासून घ्यायला सांगितली आणि हेही सांगितलं की आता हिला साताऱ्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उगाच थांबू नका.

लघवी घ्यायची कशी? तपासणीच्या ठिकाणी पोरीला एक छोटी प्लास्टिकची पिशवी चिकटवली. तासाभरानं तीत लघवी जमली आणि ती पुढे गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की तीन प्रकारचे जंतू वाढले आहेत. एक जंतू असता तर एक औषध. तीन म्हणजे पोरीचं काय होणार, असं महेंद्रला वाटलं. त्यानं गाडी काढली आणि तिघं मेढ्यामार्गे साताऱ्याला गेले. घाटात वायपर चालू असूनही समोरचं दिसत नव्हतं आणि प्रियंका मागच्या सीटवर रिपोर्टचा कागद पुन्हापुन्हा उघडून बघत होती.

डॉ. उमा अभ्यंकर यांचं मुलांचं हॉस्पिटल साताऱ्यात जुनं आहे. त्यांनी रिपोर्ट घेतला, बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप कधी येतो, थंडी वाजते का, लंगोट दिवसातून किती वेळा ओले होतात, लघवी करताना रडते का, शौचाला रोज होते का, घरात कुणाला किडनीचा त्रास होता का. महेंद्र मला म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त विचारणारं माणूस भेटलं." मग त्यांनी यशूला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. ती मलूल होती, पण आईकडे झेपावत होती, डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढत होती.

महेंद्रनं विचारलं, तीन जंतूंना तीन औषधं लागणार का? डॉक्टर म्हणाल्या, उलट आहे. एवढ्या वेगवेगळ्या जाती एकदम दिसल्या की बहुधा त्या आतल्या नसतात, कातडीवरच्या असतात. पिशवी अंगाला तासभर चिकटलेली, त्यात सगळंच उतरतं. पिशवीतली लघवी स्वच्छ निघाली तर निर्धास्त व्हायचं. खराब निघाली तर आतली घाण की बाहेरची, हे त्यावरून ठरत नाही. म्हणजे हा रिपोर्ट हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

मग वासाचं काय, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या की वासावरून काही धरता येत नाही, पण आजीनं लक्ष दिलं हे चांगलं केलं.

महेंद्रला एक गोष्ट मात्र उमगत नव्हती. लघवीचा आजार म्हणजे जळजळ. स्टँडवरच्या एका ड्रायव्हरला झाला होता, तो दर अर्ध्या तासानं झाडामागे पळायचा आणि कळवळत यायचा. यशू तर लघवी करताना कधी रडत नव्हती. हे त्यानं बोलून दाखवलं तेव्हा डॉ. उमा खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"तुम्हाला झालं तर तुम्ही मला सांगाल की जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतंय, ओटीपोटात दुखतंय," त्या म्हणाल्या. "हिच्याकडे यातला एकही शब्द नाही. हिच्याकडे फक्त ताप आहे, उलटी आहे आणि दूध नको म्हणणं आहे. एवढ्या लहान मुलाला ताप आला आणि दुसरीकडे कुठं कारण सापडलं नाही, तर लघवीला विचारावंच लागतं."

विचारायचं तर लघवी नीट मिळायला हवी होती. त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे बारीक नळी घालून थेट मूत्राशयातून काढायची. सिस्टर ते चटकन करतात, मुलाला थोडा त्रास होतो. दुसरा म्हणजे पोर आपणहून करेल तेव्हा वरच्या वर, मधली धार निर्जंतुक बाटलीत धरायची. यशू मलूल असली तरी हातपाय हलवतेय, म्हणून थोडा वेळ वाट बघायला हरकत नाही. ती सुस्त असती तर त्या एक क्षणही थांबल्या नसत्या आणि नळीच घातली असती.

"मी धरतो," महेंद्र म्हणाला. "पोरगा असताना म्हशीची धार काढलेली हाय मी."

सिस्टर हसल्या, पण त्यांनी त्याला हात साबणानं कोपरापर्यंत धुवायला लावले. आतल्या खोलीत प्रियंका स्टुलावर बसली. यशूला कोमट पाण्यानं पुसून स्वच्छ केलं, प्रियंकानं तिला पाजलं आणि उघडीच मांडीवर धरली. सिस्टरांनी झाकण काढून बाटली महेंद्रच्या हातात दिली. आत बोट जाता कामा नये, काठ पोरीच्या अंगाला लागता कामा नये, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धरायची, एवढं सांगितलं. मग गार पाण्यात भिजवलेल्या कापसानं यशूच्या ओटीपोटावर हलक्या हातानं गोल गोल फिरवायला सुरुवात केली. गारव्यानं लहान मुलं लघवी करतात, हे महेंद्रला नवीन होतं. असं का होतं ते त्यानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, भाऊ, आत्ता बाटलीकडं बघा.

तो उकिडवा बसून बाटलीकडे बघत राहिला. यशू त्याच्याकडे बघत होती. तिला बापाचं हे नवं आसन फार आवडलं असावं. तिनं पाय झाडले, मग शिंकली. शिंकली म्हणून त्यानं वर पाहिलं आणि तेवढ्यात धार आली. ती त्याच्या शर्टाच्या बाहीवर गेली. बाटलीत थेंब नाही.

पुन्हा पाजणं, पुन्हा वाट. दुसऱ्यांदा त्यानं धार धरली, पण यशूनं पाय उचलला आणि तिची टाच बाटलीच्या काठाला लागली. सिस्टरांनी ती बाटली त्याच्या हातून घेतली आणि ओतून दिली. तो काकुळतीला येऊन म्हणाला की एवढंसं लागलं तर काय होतंय. सिस्टर शांतपणे म्हणाल्या की एवढंसं लागलं म्हणूनच तर तुम्ही तीन जंतूंचा रिपोर्ट घेऊन इथं आलात.

डॉ. उमा दारातून डोकावून गेल्या आणि म्हणाल्या की अजून एकदा बघू, नाहीतर मग नळी. प्रियंकाला आता रडू यायला लागलं होतं. पोरीला थंडी वाजेल, बास करा, असं ती म्हणत होती. महेंद्र नवी बाटली घेऊन पुन्हा बसला. या वेळी त्यानं यशूच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. प्रियंका सांगते की एवढा वेळ गप्प बसलेला नवरा तिनं त्याआधी पाहिला नव्हता. गार कापूस फिरत होता, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि धार आली. त्यानं सुरुवातीची जाऊ दिली, बाटली हलकेच पुढे सरकवली, भरली तशी मागे घेतली. सिस्टरांनी झाकण लावलं. महेंद्रला उठताच येईना, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

नमुना हातात आल्यावरच डॉ. उमांनी यशूला अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला. आधी लघवी, मग औषध, हा क्रम का, तेही त्यांनी सांगितलं. औषध आधी पोटात गेलं तर जंतू अर्धमेले होतात, तपासणीत उगवत नाहीत, आणि कुठला जंतू होता हे कधीच कळत नाही. ताप जातो आणि परत येतो.

लॅब पलीकडच्या बोळात होती. बाटली महेंद्र स्वतः घेऊन गेला. तिथं संयोगिता नावाच्या बाई सूक्ष्मजंतूंचं काम बघतात. त्यांनी बाटलीवरची वेळ पाहिली आणि लगेच आणलीत हे बरं केलंत म्हणाल्या. लघवी उबेत ठेवली तर बाटलीतल्या बाटलीत जंतूंची संख्या वाढत जाते, आणि थोड्याचे पुष्कळ झालेले दिसतात. महेंद्र तिथंच उभा राहून विचारायला लागला की उगवतात म्हणजे कुठं, काय खाऊन, किती वेळात. त्या म्हणाल्या, आज गर्दी आहे, कधीतरी सवडीनं या, दाखवेन.

रिपोर्टात या खेपेला एकच जंतू आला आणि तो भरपूर होता. कुठलं औषध त्याला लागू पडतं, कुठलं पडत नाही, तेही आलं. तोवर यशूचा ताप उतरायला लागलाच होता. आठवड्यात ती पहिल्यासारखी पिऊ लागली. हरणाबाईनं तिच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला. महेंद्रनं तो राहू दिला.

गोष्ट इथं संपली नाही. त्याच सुमारास साताऱ्यात केलेल्या सोनोग्राफीत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसली होती. डॉ. उमांनी बजावून सांगितलं होतं की पुढच्या वेळी ताप आला आणि सर्दी-खोकला नसला तर वाट बघू नका. दिवाळीनंतर तसा ताप आला. या वेळी महेंद्रनं पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रयत्नात नमुना मिळवला. पुन्हा तोच जंतू. मग डॉक्टरांनी त्यांना सांगलीला एका बालशल्यविशारदांकडे पाठवलं.

ते माधवनगरला प्रियंकाच्या माहेरी उतरले. तपासणी साधी नव्हती. नळीतून मूत्राशयात रंगाचं औषध भरायचं आणि पोर लघवी करत असताना एक्स-रे काढायचे. यशू हॉस्पिटल डोक्यावर घेऊन रडली. नंतर सर्जननी पडद्यावर चित्र दाखवलं. लघवी खाली यायच्या ऐवजी थोडी वर, उजव्या किडनीकडे परत चढत होती. जिथं किडनीकडून येणारी नळी मूत्राशयात शिरते तिथली झडप जन्मतः थोडी सैल होती. महेंद्र चित्र बघून म्हणाला, "म्हणजे रस्ता एकेरी हाय आणि गाड्या उलट्या घुसायल्यात." सर्जन म्हणाले, अगदी तसंच. बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयात ती झडप आपोआप घट्ट होते. लक्ष ठेवायचं, पोट साफ राहील असं बघायचं, पाणी भरपूर पाजायचं, आणि ताप आला की लघवी तपासायची.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर प्रियंकानं यशूला महेंद्रकडे दिलं आणि परत आत गेली. तिनं सर्जनना विचारलं की हे माझ्यामुळं झालं का. मी कामावर जायचे, लंगोट बदलायला उशीर व्हायचा, पुसताना काही चुकलं असेल. हा प्रश्न ती पावसाळ्यापासून मनात घेऊन फिरत होती आणि तो तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता. सर्जन म्हणाले, "ही झडप पोर तुमच्या पोटात असतानाच तशी तयार झाली. ती तुम्ही बिघडवली नाही आणि तुम्हाला ती नीटही करता आली नसती." प्रियंका बाहेर आली आणि बाकावर बसून रडली. महेंद्र सांगतो की त्याला आधी वाटलं, आत काहीतरी वाईट सांगितलं. मग तिनं सांगितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यानं एवढ्या महिन्यांत जगाला प्रश्न विचारले, बायकोला एक विचारला नाही.

पुढची दोन वर्षं यशूची तब्येत चांगली राहिली. महेंद्र मात्र बिघडला, असं प्रियंका हसून सांगते. त्याला लघवीचं वेड लागलं. घरात दोन निर्जंतुक बाटल्या कायम असायच्या. स्टँडवर कुणी पाठ दुखतेय म्हणालं तरी हा लघवी तपासून घे म्हणायचा. मलाही एकदा म्हणाला होता.

मग हिवाळ्यात, ऐन स्ट्रॉबेरीच्या हंगामात हरणाबाईची तब्येत बिघडली. वाफ्यावरून उठताना तिला घेरी आली आणि ती तिथंच बसली. घरी आली ती जेवेना. भाकरी ताटात तशीच ठेवून भिंतीकडे बघत राहायची. विचारलेलं एक, सांगायची भलतंच. महेंद्रनं कुठंतरी ऐकलं होतं की म्हाताऱ्या माणसांना लघवीचा संसर्ग झाला तर जळजळ वगैरे काही होत नाही, नुसती ती चक्रावतात. त्याला वाटलं, हे आपल्याला आता कळतं. त्यानं बाटली काढली.

"ह्या वयात मला बाटलीत मुतायला लावतोस व्हय रं?" हरणाबाई म्हणाली. तेवढं मात्र ती चांगलं शुद्धीवर बोलली.

प्रियंकानं सासूला समजावलं, मधली धार घेतली. महेंद्र बाटली घेऊन साताऱ्याला गेला. रिपोर्ट आला तो यशूच्या रिपोर्टासारखाच होता. तोच जंतू, भरपूर. महेंद्रनं आईला गाडीत घातलं आणि डॉ. सुमंत या मोठ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत शिरल्याशिरल्या त्यानं रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि निदान सांगितलं. फक्त औषधाचं नाव लिहून द्या, एवढंच राहिलं होतं.

डॉ. सुमंत यांनी रिपोर्ट वाचला, पण औषध लिहिलं नाही. ते हरणाबाईशी बोलायला लागले. जळजळ होते का, घाईनं जावं लागतं का, ओटीपोटात दुखतं का, ताप आला का, थंडी वाजली का. न्हाई, न्हाई, असंच ती सांगत गेली. जेवण का जात नाही? तोंडाला चव न्हाई. घेरी कधी येते? उठल्यावर. बसून असलं की? बसून असलं की न्हाई येत.

त्यांनी तिला झोपवून रक्तदाब मोजला. मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तो चांगलाच खाली गेला. मग त्यांनी विचारलं की गोळ्या कुठल्या घेता. हरणाबाईनं कमरेच्या पिशवीतून दोन पाकिटं काढली. एक वाईच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक गावातल्या शिबिरात मिळालेलं. नावं वेगळी, रंग वेगळे. डॉक्टरांनी दोन्ही उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि महेंद्रपुढे धरली. औषध एकच होतं. ती रक्तदाबाची गोळी महिनाभर दुप्पट घेत होती. त्यांनी एक बंद केली, रक्तातली साखर आणि क्षार तपासायला पाठवले. पाणी नीट प्यायला सांगितलं.

"आणि जंतू?" महेंद्रनं विचारलं.

"जंतू राहू देत."

महेंद्रला हे ऐकवेना. पोरीच्या वेळी ज्याच्यामागे आपण एवढे धावलो, त्याला आता राहू देत म्हणतात, आणि तेही डॉक्टर. डॉ. सुमंत यांनी त्याला बसवून सांगितलं. वय झालेल्या बऱ्याच बायकांच्या लघवीत जंतू असतात. ते तिथं राहतात, त्रास देत नाहीत. त्यांच्यावर औषध मारलं तर गरीब असतील ते मरतात, दांडगे असतील ते उरतात, आणि खरंच आजार होईल तेव्हा ते औषध चालत नाही. गरोदर बाई असती तर गोष्ट वेगळी, तिथं त्रास नसला तरी औषध देतात. तुमच्या आईला ताप आला, जळजळ झाली, कुशीत दुखलं, तर लगेच घेऊन या. नुसतं चक्रावणं असेल तर आधी दुसरी कारणं शोधायची असतात.

आठ-दहा दिवसांत हरणाबाई ताळ्यावर आली. भाकरी मागून घेऊ लागली. वाफ्यावर परत जायचं म्हणून भांडूही लागली. म्हणजे डॉक्टर बरोबर होते. पण महेंद्रच्या डोक्यातून ते जाईना. त्या आठवड्यात मी त्याच्या गाडीत होतो. त्यानं मला डोंगर, रंग, शाळा काही विचारलं नाही, नुसतं एवढंच म्हणत राहिला की गुरुजी, कागद दोन्ही सारखे, मग पोरगी आजारी आणि आई न्हाई, हे कसं?

शेवटी तो संयोगिताबाईंकडे गेला. त्यांनी कधीतरी या म्हटलं होतं, तो दोन वर्षांनी गेला. त्यांना तो आठवत होता. त्यांनी त्याला हातमोजे घालायला दिले आणि उबेच्या कपाटातून काचेसारख्या दोन बशा काढल्या. बशीत तळाला जेलीसारखं काही ओतलेलं, त्यावर गुलाबी ठिपके दाटीनं उगवलेले. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूची सगळी प्रजा, असं त्या म्हणाल्या. दोन्ही बशा अगदी सारख्या दिसत होत्या. एक एका लहान मुलाची होती, दुसरी एका आजोबांची.

महेंद्रनं दोन्ही उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाला, "ह्यातलं आजारी कोण हाय, सांगता येतं का हो तुम्हाला?"

"नाही," संयोगिताबाई म्हणाल्या. "काय उगवलं ते मी सांगते, किती उगवलं ते सांगते, कशानं मरेल ते सांगते. आजारी कोण आहे ते माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी आणि डॉक्टर दोघंही लागतो."

हे त्याला पटलं. त्यानं ते स्वतःच्या भाषेत करून घेतलं आणि पुढच्या खेपेला मला ऐकवलं. ड्रायव्हर स्टँडवर बसलेला दिसला म्हणजे त्याला भाडं लागलंय असं नाही. बसलेला असतो नुसता. भाडं लागलंय का, ते गाडीकडे बघून कळतं.

यशू आता साडेचार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. मागच्या तपासणीत लघवी वर चढणं जवळजवळ थांबलेलं दिसलं. उजव्या किडनीवर एक छोटा व्रण राहिला आहे. त्याचं पुढं काय होईल ते बघत राहावं लागेल, रक्तदाब मोजत राहावा लागेल. प्रियंका हे न घाबरता सांगते. बालवाडीत जाताना यशूच्या गळ्यात पाण्याची बाटली असते आणि बाईंना सांगून ठेवलेलं आहे की तिनं बोट वर केलं की थांबवायचं नाही.

गेल्या महिन्यात स्टँडवरचे नानासो महेंद्रकडे आले. वयानं मोठे, त्यांची गाडी याच्या शेजारी लागते. त्यांच्या नातवाला दोन दिवस ताप होता आणि पोर वर्षाचंही नव्हतं. आरं महेंद्र, तुझ्या पोरीला तसंच झालं होतं न्हवं, बाटली दे एखादी, असं ते म्हणाले. पूर्वीचा महेंद्र असता तर त्यानं बाटली दिली असती, धार कशी धरायची त्याचं प्रात्यक्षिकही करून दाखवलं असतं. या वेळी त्यानं आधी विचारलं. नाक वाहतंय का? थोडं वाहतंय. खोकला? रात्री येतो. पितंय का? पितंय, पण मधेच सोडून रडतंय. हात कुठं लावतंय? हे नानासोंनी पाहिलं नव्हतं. महेंद्र म्हणाला की बाटली नको, आपण डॉक्टरांकडंच जाऊ, आणि तिथं लघवीचं तेवढं विचारू. त्यानं नानासोंना, त्यांच्या सुनेला आणि पोराला स्वतःच्या गाडीतून नेलं.

गावातल्या डॉक्टरांनी पोराच्या कानात बत्ती घालून पाहिलं. डावा कान आतून लाल झाला होता, पडदा फुगला होता. तापाचं कारण सापडलं होतं. महेंद्रनं लघवीचं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की कारण समोर आहे, औषध देऊ, दोन दिवसांत उतरला नाही तर तीही तपासू.

नानासोंच्या जिवात जीव आला. महेंद्रही खूश झाला, पण मला सांगताना तो कबूल करत होता की जरा हिरमोडही झाला. मग नानासो औषध आणायला गेले, सून पोराला घेऊन बाहेर बसली, पुढचा पेशंट दारात आला, तरी महेंद्र तिथून हलेना. टेबलावर ती बत्ती ठेवलेली होती. त्यानं डॉक्टरांना विचारलं की कानाचा पडदा आतून दिसतो तरी कसा. डॉक्टरांनी दारातल्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं, बत्ती परत लावली आणि नानासोंच्या सुनेला परत आत बोलावून विचारलं की पोराचा उजवा, चांगला कान यांना दाखवू का. ती हो म्हणाली. महेंद्र वाकला, एक डोळा मिटला आणि आत बघत राहिला.